मोठ्या प्रार्थनेतली मोकळी जागा

आमच्या जालन्याच्या ख्रिस्ती मंडळीत दर साली सुगीचा सण होतो. आपल्या शेतातलं पहिलं पीक आणून देवापुढे ठेवायचं, अशी रीत. आता मंडळीतले निम्मे लोक नोकरदार आणि उरलेले माझ्यासारखे पेन्शनवाले. शेत कुणाकडेच राहिलेलं नाही. तरी आदल्या दिवशी सगळे इमानेइतबारे भाजीबाजारात जातात आणि फ्लॉवरचे गड्डे, केळ्यांच्या फण्या, पिशवीबंद बासमती असं काय काय आणून मांडतात. यंदा एका हौशी सूनबाईंनी अननस आणला. जालन्याच्या कुठल्या शिवारात अननस पिकतो, हे मी विचारलं नाही. जिभेला जरा लगाम घाल, असं माझी मुलगी मला नेहमी सांगते, आणि वर्षातून एखाद्या वेळी मी तिचं ऐकते.

पण यंदा कुणीतरी खऱ्या ज्वारीची पेंढी आणली होती, कणसांसकट. जाफराबादकडे हल्ली जिकडेतिकडे सोयाबीन. त्यात ही ज्वारी कुणी राखली कोण जाणे. पेंढी खांबाला उभी बांधलेली, आणि माझी बसायची जागा नेमकी त्या खांबाशी. गाणं संपलं, सगळे खाली बसले, आणि ज्वारीच्या ताटांचा तो गोडसर, थोडा धुळकट वास नाकात शिरला. सत्तरी ओलांडलेली मी निवृत्त नर्स एकदम अकरा वर्षांची झाले आणि केदारखेड्यापासून दीड कोसावरच्या आमच्या मातीच्या प्रार्थनाघरात जाऊन बसले.

हैदराबाद संस्थानाचा तो शेवटचा खरीप. तो शेवटचा आहे हे आम्हाला अर्थातच ठाऊक नव्हतं.

प्रार्थनाघर म्हणजे काय, पांढऱ्या मातीच्या चार भिंती आणि वर धाबं. आठवडाभर तिथे शाळा भरायची आणि माझे बाबा मास्तर असायचे. रविवारी तेच बाबा धुतलेला सदरा घालून उपदेशक व्हायचे, कारण खरे पाळकसाहेब जालन्याहून दोन महिन्यांतून एकदा यायचे. समोरच्या कडुलिंबाला रेल्वे रुळाचा हातभर तुकडा टांगलेला होता, ती आमची घंटा. लोखंडी खिळ्याने ठोकली की निम्म्या शिवारात ऐकू जायची. ती वाजवण्याचा मान माझ्या मोठ्या भावाचा, योहानदादाचा. माझा त्या खिळ्यावर फार दिवस डोळा होता. दादा म्हणायचा, "तुह्या हातात जोर येऊ दे, मंग बघू."

उपासनेच्या मध्यावर 'मोठी प्रार्थना' असायची. बाबांच्या वहीत तिची यादी होती: आजारी माणसं, अवघडलेल्या बाया, प्रवासाला गेलेले, पाऊस, गुरंढोरं आणि शेवटी राज्यकर्ते. राज्यकर्त्यांच्या ओळीत पूर्वी दोन नावं होती, विलायतचे बादशहा आणि आमचे आलाहजरत, म्हणजे हैदराबादचे निजाम. इंग्रज गेले तेव्हा बाबांनी पहिल्या नावावर शाईची सरळ रेघ ओढली. दुसरं नाव तसंच राहिलं. दिल्लीत झेंडा लागून वर्ष होत आलं तरी आमच्याकडे त्याचं नाव काढायची चोरी होती.

दादा परतूरला जिनिंगमध्ये कामाला होता. कापूस आणि बातम्या दोन्ही तिथे गाडीने यायचं. त्या उन्हाळ्यात तो घरी आला तो डोक्यात भलतंच वारं घेऊन. मृगाच्या तोंडावर, औताची दोरखंडं नीट करता करता बापलेकांची जुंपली. मी ज्वारीचं बियाणं निवडत होते आणि एक दाणा चार-चार वेळा निवडत होते, म्हणजे उठावं लागू नये.

"बाबा, समदा देश मोकळा झाला," दादा म्हणाला, "आन् तुमी दर ऐतवारी त्याच सरकारची खुशाली मागून राह्यले?"

"प्रार्थना करून राह्यलो, योहाना. जयजयकार न्हाई."

"फरक काय?"

"जयजयकार वरच्याला खूश करायला असतो. प्रार्थनेत आपण देवाला सांगतो, ह्या माणसावर नजर ठेव." बाबा दोरखंड पिळतच राहिले. "आपल्याला अधिकाऱ्यांसाठी प्रार्थना करायला सांगितलंय. आवडत्या अधिकाऱ्यांसाठी, असं न्हाई सांगितलेलं."

"गावात काय बोलून राह्यले ठाऊक हाये का तुमाला? किरिस्ताव म्हंजे साहेबाची शेपटी. साहेब गेला, आता दुसरा धनी धरला म्हणतात. मला लाज वाटते बाबा, बिलकुल लाज वाटते."

बाबांनी मग हात थांबवले. "बराबर. मंग तू मला एक सांग. तुह्या दिल्लीच्या सरकारात राहीबाईला गावातल्या विहिरीवर घागर लावता येईल का?"

राहीबाई म्हणजे आमच्या मंडळीतली सगळ्यांत म्हातारी बाई. आमची वस्ती गावाबाहेर. आम्हाला पाणी नदीच्या झऱ्याचं.

"येईल. लिहून देतो," दादा म्हणाला.

"लिहून कुनीबी देतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी आई भाकरी थापत होती तेव्हा दादाची वळकटी जागेवर नव्हती. आठ दिवसांनी निरोप आला, की तो जाफराबादच्याही पुढे, वऱ्हाडाच्या हद्दीतल्या कॅम्पात गेला आहे. झेंड्यासाठी लढणारी पोरं तिथे जमली होती. आम्ही विचारणाऱ्याला सांगायचो, परतूरला गेल्ता, तिकडंच हाये. खोटं बोलू नये हे शिकवणारे बाबा त्या वेळी पुस्तकात मान घालून बसायचे.

माझं म्हणाल तर मला ना दिल्लीचं पडलं होतं ना हैदराबादचं. दादा धडधाकट परत यावा आणि बाबांनी त्याला घरात घ्यावं, एवढंच मला हवं होतं. सबंध पावसाळा मी देवाशी या एकाच कलमावर भांडले. खिळा माझ्या हातात आला होता, घंटा आता मीच वाजवत होते, पण ज्याच्याकडून खिळा हिसकायचा तोच नाही म्हटल्यावर त्यात मजा राहिली नव्हती.

दादा गेल्यावरच्या पहिल्या रविवारी बाबा मोठ्या प्रार्थनेत राज्यकर्त्यांपर्यंत आले. "आणि आमच्यावर अधिकार चालवणारे..." म्हणाले, आणि थांबले. पुढचं नाव येईना. लिंबावर होला घुमत होता तो ऐकू आला. कुणाचं तरी तान्हं कुरकुरलं. मी एक डोळा किलकिला करून पाहिलं, तर बाबांच्या कपाळावर शीर फुगलेली. मग त्यांनी हळूच "आमेन" म्हटलं आणि वही मिटली.

पुढच्या रविवारी तेच. त्याच्या पुढच्या रविवारीही. लोकांना वाटलं, मास्तरांना विसर पडायला लागला. मग हळूहळू सगळ्यांना त्या थांबण्याची सवय झाली. इतकी, की ते आल्यावर लोक नीट सावरून बसायचे. एकदा नदीवरून येताना मी राहीबाईला विचारलं, की बाबा थांबतात तेव्हा तू काय करतेस.

"मी व्हय? मी माह्या म्हशीचं नाव घालते तिथं," ती म्हणाली. "जागा मोकळीच हाये तर वाया काहून घालवू? गाभण हाये माय ती."

म्हणजे ज्याला त्याला त्या जागेत आपलं माणूस बसवता येत होतं. मी दादाला बसवलं. आई कुणाला बसवत होती ते मला विचारावं लागलं नाही. आमच्यात एक पद्धत होती. भाकरीचं पीठ काढताना घरात जेवणारी माणसं जितकी, तितक्या मुठी पीठ आधी बाजूच्या गाडग्यात टाकायचं; गाडगं सुगीच्या सणाला देवाचं. दादा गेल्यावरही आई चार मुठी टाकत होती. एकदा बाबांनी पाहिलं आणि विचारलं, "चौथी कुनाची?"

"जो जेवायचा हाये त्याची," आई म्हणाली. बाबा हात धुवायला गेले.

श्रावणात चौकीचा जमादार आला. कुणीतरी चुगली केली होती, की मास्तरांनी प्रार्थनेतून सरकारचं नाव गाळलं. बाबांनी त्याला घोंगडी टाकून बसवलं, पाणी दिलं. जमादार म्हणाला, "नाम क्यूं नहीं लेते, मास्टर?" बाबा म्हणाले, "जमादारसाब, देवाला ठाऊक हाये आमच्यावर कोण राज्य करून राह्यलं ते. त्याला सांगायची गरज न्हाई."  यात सरकारची तारीफ आहे की बेअदबी, हे जमादाराला ठरवता येईना. शेवटी मिशीवर हात फिरवून तो निघून गेला. त्या दिवशी शाळा मात्र लवकर सुटली.

भाद्रपदात ज्वारी निसवली. कणसांवर तो बारीक पिवळा फुलोरा आला आणि एके दिवशी जालन्याच्या दिशेने गडगड ऐकू आली. आभाळ निरभ्र होतं. म्हातारे म्हणाले, हा पाऊस नव्हे. पाच-सहा दिवसांत सगळं आटोपलं. लोक त्याला पोलीस ॲक्शन म्हणायला लागले. निजामाचं राज्य गेलं, हिंदी फौज आली. गावात गूळ वाटला, माझ्याही हातावर कुणीतरी खडा ठेवला. गावातल्या माणसाने आमच्या वस्तीवर येऊन गूळ वाटावा, हे मी पहिल्यांदा पाहत होते. फार गोड लागला तो.

पण दोनच दिवसांत गावाची हवा फिरली. आमच्या शेजारी चांदभाई पिंजारी राहायचा. दिवाळीनंतर नवा कापूस आला की त्याच्या पिंजणाचा टणटण आवाज दिवसभर चालायचा, आणि गावातली एकूण एक गादी, एकूण एक दुलई त्याच्या हातची. त्याचा या सगळ्या राजकारणाशी संबंध एवढाच, की तो ज्या देवाला मानायचा त्याच देवाला राज्य गेलेले आलाहजरत मानायचे. आजूबाजूच्या गावांतून मुसलमानांच्या घरांवर हल्ले झाल्याच्या बातम्या यायला लागल्या. शनिवारी भरदुपारी चांदभाई बायको आणि दोन लेकींना घेऊन आमच्या दारात उभा राहिला. "मास्तरसाब, बच्ची लोकान्ला अंदर घ्या. मी भाईर बसतो."

बाबांनी चौघांनाही प्रार्थनाघरात नेलं. आईने पीठ काढायला घेतलं आणि गाडग्यात आठ मुठी टाकल्या. मी पाहत होते. तिने एक एक मूठ नेहमीसारखीच भरून टाकली.

रविवारी मी घंटा वाजवली. मंडळी आली, मागच्या भिंतीशी चांदभाईचं कुटुंब बघून जरा चुळबुळली आणि बसली. राहीबाईने आपलं घोंगडं धाकटीच्या पायांवर टाकलं. पहिलं गाणं चालू असतानाच बाहेर माणसांचा आवाज आला. गावातले काही, बाहेरगावचे काही, दहा-पंधरा जण. हातात काठ्या. पुढच्याच्या खांद्यावर झेंडा. तो पुढचा माणूस म्हणजे आमचा दादा होता, वाळलेला, काळवंडलेला, दाढी वाढलेला. तीन महिने ज्याच्यासाठी मी देवाला हैराण केलं तो आला होता, आणि मला पळत जाऊन त्याला मिठी मारता येईना. तो कुणाच्या बाजूने आला आहे हेच मला कळत नव्हतं.

बाबांनी दार लावून घेतलं नाही. गाणं संपलं, त्यांनी वही उघडली आणि मोठी प्रार्थना सुरू केली. आजारी, अवघडलेल्या, प्रवासी, पाऊस, गुरं. राज्यकर्त्यांपाशी आले. बाहेरचे लोक ऐकत होते. आज बाबा थांबणार नाहीत, आज दिल्लीचं नाव घेणार, हे सगळ्यांनी धरलंच होतं. मीही. तेवढं नाव घेतलं की सगळं निभावेल, असं मला वाटत होतं.

"आणि हैदराबादच्या आलाहजरतांसाठी," बाबा म्हणाले.

राहीबाई मोठ्यांदा खोकली. तिला वाटलं, मास्तर चुकले, जुनं नाव सवयीने तोंडात आलं. तिने बाबांना सावध करायला दुसऱ्यांदाही खोकून पाहिलं. बाबांनी डोळे उघडले नाहीत.

"प्रभू, ते बलवान होते तेव्हा माझ्या तोंडातून त्यांचं नाव निघालं नाही. माझ्या मनात राग होता. मला माफ कर. आज त्यांचं राज्य गेलं, आज त्यांचं नाव घेणारा कुणी नाही. त्यांच्या लोकांना आज भीती आहे. त्यांना सांभाळ. आणि जे जिंकले आहेत, त्यांच्यावर दुप्पट नजर ठेव. आमेन."

आत कुणी आमेन म्हणालं नाही.  आणि मग घंटा वाजली. एक ठोका, दुसरा, तिसरा. मी आत होते, खिळा बाहेर लिंबाच्या बेचक्यात. दादाने झेंडा झाडाला टेकवून ठेवला होता आणि पूर्वी मारायचा तसे दणदणीत ठोके मारत होता. मग तो वळला आणि सोबतच्यांना म्हणाला, "उपासना चालू हाये. जा तुमी. आत समदी माह्या घरची माणसं हायेत."

कुणीतरी म्हणालं, "योहान, त्यो पिंजारी..."

"समदी, म्हणलो न्हाई का."

तो येऊन उंबऱ्यावर बसला, आमच्याकडे पाठ करून. काठ्या थोडा वेळ घुटमळल्या आणि गेल्या. दादा चार दिवस त्या उंबऱ्यावरून हलला नाही. आई तिथेच ताट नेऊन द्यायची. चांदभाईची धाकटी त्याच्या पाठीवर रेलून भाकरी खायची.

मी आयुष्यभर मतदान चुकवलेलं नाही. कुणाला मत दिलं ते मुलीलाही सांगत नाही. पण निवडून येईल त्याच्यासाठी प्रार्थना करते, आणि नावडता निवडून आला तर जरा जास्त करते. पडलेल्यालाही विसरत नाही. आमच्या घराण्याचं राजकारण म्हणाल तर एवढंच, आणि ते मी त्या रविवारी शिकले. माझ्या ओळखीत असे बरेच ख्रिस्ती आहेत, की जे म्हणतात, आपल्याला काय करायचंय, आपलं राज्य वरचं. मला ते पटत नाही. वरचं राज्य खरं, पण पाणी इथल्याच विहिरीतून भरायचं असतं. राहीबाईला ती विहीर पुढे कितीतरी वर्षांनी मिळाली, आणि ती मिळेपर्यंत दादा तालुक्याला अर्ज करत होता. लिहून दिलं होतं ना त्याने.

पण ते पुढचं. त्या सुगीपर्यंत घरात बापलेक जपून बोलत होते. बाबांनी त्याला घरात घेतलं होतं, मला हवं होतं ते झालं होतं, तरी झालं नव्हतं. दादाने बाबांचं ऐकलं, पण त्याच्या झेंड्याबद्दल बाबा एक शब्द बोलले नव्हते. तीन महिने उपाशीतापाशी ज्याच्यासाठी काढले, ते बापाने साधं "बरं झालं" म्हणूनही स्वीकारू नये, हे त्याला लागलं होतं. कणसं खुडताना दोघं ज्वारीच्या एकाच तासात, एकाच ओळीत असायचे आणि मधे मी, निरोप्यासारखी. "बाबाला सांग, इळा दे." "दादाला सांग, घे."

सुगीचा सण आला. आईचं गाडगं भरून वाहत होतं. ज्वारीच्या पेंढ्या चारी कोपऱ्यांत उभ्या केल्या होत्या, त्यांच्या वासाने प्रार्थनाघर भरून गेलं होतं. मूग, तूर, बोंडं, एक कोंबडा पाय बांधलेला. शेवटी चांदभाई आला. त्याच्याकडे शेत नव्हतं. त्याने नव्या कापसाचं पिंजलेलं भलंमोठं ओझं आणलं आणि पेंढ्यांच्या पुढे हलकेच ठेवलं. म्हणाला, "साल का पहला हाये. तुमच्या देवाला थंडी वाजत नसंल, पण ऱ्हाऊ द्या." मंडळी हसली.

मोठ्या प्रार्थनेच्या वेळी बाबा उठले आणि वही दादापुढे धरली. "आज तू कर."

दादा गोंधळला. मग उभा राहिला, डोळे मिटले. आजारी, अवघडलेल्या, प्रवासी, पाऊस, गुरं. जिनिंगमध्ये ओरडून ओरडून त्याचा आवाज जाडा झाला होता. "आणि आमच्यावर अधिकार चालवणारे..." म्हणाला, आणि थांबला.

आता त्याला कुणाची भीती होती? गावभर झेंडे होते. ते नाव घ्यायला तो वऱ्हाडापर्यंत जाऊन आला होता. पण तो बाबांचा मान राखायला थांबला होता, बाबांची जागा त्याने मोकळी ठेवली होती. मला ते तेव्हाच कळलं.

मग पुढच्या रांगेतून बाबांचा आवाज आला, स्पष्ट, वहीतून वाचल्यासारखा.

"आणि दिल्लीच्या आमच्या सरकारसाठी."

आमच्या, म्हणाले बाबा.

दादाने डोळे उघडले. पुढे आमेन म्हणायचं सोडून तो बाबांकडे वळला. सगळी मंडळी त्याच्याकडे बघत वाट पाहत राहिली. तेव्हा राहीबाई म्हणाली, "आन् माह्या म्हशीसाठी. व्याली काल."

आमेन सगळ्यांनी मिळूनच म्हटलं, हसत, डोळे पुसत, चांदभाईसुद्धा. मी बाहेर धावले. उन्हाने रूळ तापला होता. मी खिळा उचलला आणि पहिला ठोका मारणार तेवढ्यात मागून दादाचा हात आला.

"अर्धे तुहे, अर्धे माहे," तो म्हणाला.

किती ठोके मारले ते आम्ही मोजलं नाही. ते केदारखेड्याला ऐकू गेले, असं लोक पुढे कितीतरी वर्षं सांगत होते.